मधली जागा

१

माझा हात चांगला आहे. हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर बरं दिसतं, पण आमच्याकडे कुणी कुणाचं कौतुक करायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून मीच सांगते. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या म्हणजे निम्मं काम हाताचं. प्लास्टिकच्या चपट्या ताटलीत पेशी टाकायच्या, वर गुलाबी पोषणद्रव घालायचा आणि इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून द्यायचं. पेशी तळाला चिकटतात, वाढतात, एकमेकींना खेटतात आणि सगळा तळ झाकून टाकतात. द्रव बदलताना पिपेटची धार जरा जोरात पडली की खालच्या पेशी उखडतात आणि तिथे टक्कल पडतं. नवशिक्यांच्या ताटल्या मी टक्कल बघून ओळखते आणि तोंडावर सांगते, त्यामुळे मी फारशी कुणाच्या लाडाची नाही.

त्या सकाळी नेहमीसारखी आले, हात धुतले, कोट चढवला, पहिली ताटली मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मधोमध टक्कल दिसलं. माझ्या ताटलीत.

आधी मला रागच आला. मग दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांत तेच. मधोमध, तेवढंच, लांबट. कुणी बघत नाहीये ना याची खात्री केली आणि सगळ्या ताटल्या गुपचूप परत आत ठेवून दिल्या.

२

पेशी डुकराच्या होत्या. डुकराची किडनी आकाराने माणसाला चालते, पण माणसाचं शरीर तिला परकी म्हणून हाकलून लावतं. ते होऊ नये म्हणून डुकराच्या पेशीतच माणसाचे काही जीन बसवायचे, त्या पेशीपासून डुक्कर जन्माला आणायचं, आणि मग त्या डुकराच्या किडनीला माणसाचं शरीर घरचं समजेल अशी आशा करायची. पूर्वी असे जीन मूठभर दाणे उधळावेत तसे पेशीत टाकायचे. पडले कुठे तर पडले. एखादा चांगल्या चाललेल्या कामाच्या मधे जाऊन पडायचा आणि सगळं नासवायचा.

आमच्या मॅडमना उधळणं माहीतच नाही. त्यांना सगळे पाठीमागे सुईबाई म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांची कात्री पेशीच्या आत, डीएनएच्या त्या अफाट लांब धाग्यावर, ठरवलेल्या एकाच ठिकाणी कापते. त्या फटीत नवा तुकडा असा बसतो की त्याची दोन्ही टोकं आजूबाजूच्या धाग्याशी अक्षर न अक्षर जुळतात. टाका दिसत नाही. पहिल्यांदा तो निकाल पडद्यावर बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी कुणाला म्हटलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना मी उगाच हसत होते.

टक्कल लपवून किती लपवणार? शेवटी मॅडमना बोलावलंच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावून इतका वेळ बघत राहिल्या की माझी मान अवघडली.

"तुझा हात घसरला असं वाटतंय का तुला?"

"नाही मॅडम."

"मलाही नाही वाटत." त्या बाजूला झाल्या. "कडेच्या पेशी बघ. मेलेल्या नाहीत, उखडलेल्या नाहीत. छान वाढल्यात. फक्त पुढे जायच्या थांबल्यात."

मी बघितलं. दारात कुणी उभं असलं की आपण अंग चोरून बाजूला होतो ना, तशा त्या उभ्या होत्या. मधे मात्र काही नव्हतं. स्वच्छ तळ होता.

आम्ही ताटल्या बदलल्या, द्रव बदलला, मी सोडून दुसऱ्यांनी हात लावून बघितला. जीन न बसवलेल्या पेशी कुठेही टाका, तळ झाकून टाकायच्या. जीन बसवलेल्या मधे जागा ठेवायच्याच. मॅडमनी सगळा धागा पुन्हा पहिल्यापासून तपासला. बसायचं तिथेच बसलं होतं, दुसरीकडे कुठेही ओरखडा नव्हता. त्यांनी हे काही दडवलं नाही. मोठ्या बैठकीत फोटो दाखवले, मोठमोठ्यांनी माना डोलावल्या, पेशी निरोगी आहेत म्हणाले आणि चहाला गेले.

"आपल्याकडे काय बसलंय ते तपासायची हजार यंत्रं आहेत," मॅडम मला जिन्यात म्हणाल्या. "काय रिकामं ठेवलंय ते तपासायचं एकही नाही."

३

घरी ताई आणि मी, दोघीच. ताई माझ्याहून मोठी. सिटी बसमध्ये कंडक्टर होती. उभ्या आयुष्यात तिने दुसरं काही केलं नसेल तितकं लोकांना पुढे सरकवलं. "पुढे सरका जरा, आत जागा आहे," हे वाक्य ती झोपेतसुद्धा म्हणायची. स्वतः मात्र कुणाला इंचभर जागा द्यायची नाही. लहानपणापासून आम्ही एकाच पलंगावर झोपतो, आणि लहानपणापासून ती हातपाय पसरून मला कडेवर लटकवते. एकदा तर मी खाली पडले तरी तिला पत्ता नव्हता.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी द्यायला मी एका पायावर तयार होते, पण जुळली नाही. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. तिथून आली की ती कोट काढून ठेवल्यासारखी पलंगावर पडायची आणि बोलायचीही नाही. ताई बोलत नाही म्हणजे काय, हे तिच्या बसमधल्या लोकांना विचारा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार काळ हे शरीर असं ओढणार नाही. मला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही, आणि तिला माझ्याशिवाय.

मॅडमच्या डुकरांची किडनी घ्यायला तयार असलेल्यांत तिचं नाव घातलं त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी हसली.

"डुकराची किडनी म्हणजे प्रवासी दोन झाले," ती म्हणाली. "त्याचं तिकीट पूर्ण फाडायचं की अर्धं?"

४

पिल्लं झाली. गुलाबी, गुबगुबीत, एकसारखी. अगदी दृष्ट लागावी अशी. मी पेशींची माणूस, जनावराच्या जवळ जायची सवय नाही, पण कानाचे नमुने घ्यायला शेडवर जावं लागायचं. शेड म्हणजे दवाखान्यासारखी पांढरी, फरशीला उतार, वर दिवे, आत शिरायच्या आधी अंघोळ. तिथले जनावरांचे डॉक्टर मोठे गप्पिष्ट. डुकरांशी ते माझ्याशी बोलत त्यापेक्षा आदराने बोलत.

"या, या. तुमची लेकरं बघा कशी शहाणी आहेत," ते म्हणाले. "भांडण नाही, तंटा नाही. झोपायची तेवढी एक तऱ्हा आहे."

डुकरं ढिगाने झोपतात. एकमेकांच्या अंगावर, पोटावर, जिथे ऊब मिळेल तिथे. शेजारच्या खोलीतली साधी पिल्लं तशीच पडली होती, कुणाचा पाय कुणाच्या तोंडात. आमची मात्र दोन बाजूंना झोपली होती. मधे जागा होती, लांबट.

मी त्या जागेकडे बोट दाखवलं.

"फरशीखालून पाण्याचा पाइप गेला असेल, गार लागत असेल, असं मला वाटलं," डॉक्टर म्हणाले. "खोली बदलली. तिथेही तेच. खाली गादी घातली. तेच. दुधाला बसतात तेव्हाही मधे एक जागा सोडून बसतात. म्हटलं बाबांनो, कुणाची वाट बघताय?" ते हसले आणि मग हसायचे थांबले.

मनाला मी समजावलं. पेशीत जी खोड, ती जनावरात असू शकते. एकमेकांना कुठवर खेटायचं हे ठरवणारा एखादा संदेश बदलला असेल. पटण्यासारखं होतं. घरी जाताना बसमध्ये मी तेच स्वतःला सांगत राहिले, आणि माझ्या शेजारची सीट गर्दीतही रिकामीच राहिली तेव्हा उठून उभी राहिले.

५

एकदा मला राहवलं नाही. शेडवरच्या डॉक्टरांना विचारून मी डुकरांच्या खोलीत गेले. डुकरं आता चांगली मोठी झाली होती, दुपारची पडली होती. मी त्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले. फरशी फरशीसारखीच होती.

डुकरं उठली. सगळी एकदम नाही, एकेक करून, घाई न करता. मी घाबरले, पण त्यांनी दात दाखवले नाहीत, गुरगुरली नाहीत. ओल्या नाकांनी माझ्या पोटऱ्यांना हळूच ढकलत, ढकलत, त्यांनी मला त्या जागेतून बाहेर काढलं. चुकून दुसऱ्याच्या सीटवर बसलेल्या माणसाला ताई उठवायची तसं. रागाने नाही. मग ती परत आपापल्या जागी जाऊन पडली.

त्यांच्यात एक जरा लहानखुरी होती. पिल्लू असताना आजारी पडली होती, तेव्हापासून तिला थंडी सोसायची नाही. ती त्या जागेच्या अगदी कडेला आली, वळली आणि पाठ टेकवून झोपली. मी परत बघितलं. ती कलंडलेली होती. चारही पाय फरशीवरून सुटून एका बाजूला मोकळे पडले होते, पोट आमच्याकडे होतं आणि पाठ मागे रेललेली होती, भिंतीला रेलावी तशी. मागे भिंत नव्हती, दुसरं डुक्कर नव्हतं, काही नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं.

"बघितलंय मी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रोज बघतो. तिची थंडी गेलीय, हेही बघतो." थोड्या वेळाने म्हणाले, "इतकी मायाळू जनावरं मी सगळ्या नोकरीत बघितली नाहीत. ती का तशी, ते मला विचारू नका."

श्वासाबरोबर तिची पाठ वरखाली होत होती. आणि तिच्या पाठीला लागून असलेली हवा, माझ्या डोळ्यांना पाणी आलं म्हणून असेल, थोडी तिच्याबरोबर आणि थोडी वेगळ्याच लयीत हलत होती.

ताईसाठी हीच निवडली होती. हिची किडनी सगळ्यांत चांगली होती.

६

मी मॅडमकडे गेले आणि भडाभडा सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्याबरोबर शेडवर आल्या, काचेपलीकडून बराच वेळ बघितलं. परत आल्यावर त्यांनी सगळ्या तपासण्या पुन्हा लावल्या. रक्त, लघवी, हृदय, विषाणू, तो धागा पुन्हा टोकापासून टोकापर्यंत. एकही खोट निघाली नाही.

"माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत नेमकं काम आहे," त्या म्हणाल्या. आवाजात गर्व नव्हता, उलट जरा भीतीच होती. "दुसऱ्याचं शरीर आपलं मानावं, परक्याला जागा द्यावी, एवढ्याचसाठी ते बसवलं. ते मी म्हटलं त्याहून जास्त ऐकतंय की काय, ते मला मोजता येत नाही. मला मोजता येतं ते सगळं उत्तम आहे. पण तुझ्या बहिणीला सांग. ठरवायचं तिने."

ताई डायलिसिसवरून आली होती. तोंड सुजलेलं, पायांत त्राण नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून तिला ताटल्यांपासून त्या लहानखुरीपर्यंत सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"ती डुकरं आजारी आहेत का?"

"नाही."

"एकमेकांना चावतात? खायला देत नाहीत?"

"नाही ग. उलट फार सांभाळून घेतात."

"मग शेजारी जागा ठेवून झोपतात, एवढंच ना?" तिने एक डोळा उघडला. "माझ्या बसमध्ये असे चार प्रवासी असते तर मी त्यांचे सत्कार केले असते."

"ताई, मला भीती वाटते."

तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता, कातडी कोरडी. "मलाही वाटते," ती म्हणाली. "पण मला अजून जगायचंय. तुला एकटीला टाकून जायची मला जास्त भीती वाटते. तू जेवत नाहीस, कुणाशी धड बोलत नाहीस. तेव्हा होऊ दे."

झालं. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, जोडल्या जोडल्या किडनी गुलाबी झाली आणि टेबलावरच कामाला लागली. त्यांच्या बरोबरची नर्स तर रडली म्हणे. काचेतून बघितलं तर ताईच्या नखांवर रंग आला होता. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि मी आमच्यातलं अंतर विसरून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी ठेवू दिलं.

७

ताई घरी आली. बोलायला लागली, जेवायला लागली, माझ्या वरणाला नावं ठेवायला लागली. शरीराने किडनीला हू की चू केलं नाही. तिचे डॉक्टर रिपोर्ट बघून परत परत चष्मा पुसत. काही दिवस मी तिची सोबत करायला रजा काढली होती आणि रात्री बाहेरच्या खोलीत गादी घालून झोपत होते, कारण तिच्या टाक्यांना चुकून माझा धक्का लागायला नको.

कामावर परत गेले त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"तुमची मंडळी नीट झोपायला लागली बरं का," ते म्हणाले. "ती लहानखुरी गेली त्या दिवसापासून. सगळी ढिगाने, साध्या डुकरांसारखी. मधली जागा गेली." त्यांचा आवाज नेहमीसारखा खेळकर नव्हता. "म्हटलं तुम्हाला सांगावं."

मी फोन ठेवला आणि इन्क्युबेटर उघडला. एक ताटली काढली, मग दुसरी, मग सगळ्या. तळ कडेपासून कडेपर्यंत झाकलेला होता. कुठेही टक्कल नव्हतं. इतके दिवस मला जे हवं होतं ते समोर होतं, आणि ताटली आत ठेवताना द्रव सांडला. माझ्या हातून द्रव सांडला.

मी मॅडमना काही न सांगता घरी निघाले.

दुपार होती. दार माझ्या किल्लीने उघडलं. घरात शांत होतं, स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता, खिडकी बंद होती. मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

ताई झोपली होती. गालावर लाली दिसत होती. हातपाय पसरून नाही. पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून, कुशीवर, अंग चोरून. उरलेला सगळा पलंग रिकामा होता, आणि तिने पांघरूण अर्धंच आपल्यावर घेतलं होतं. उरलेलं अर्धं त्या रिकाम्या जागेवर काळजीपूर्वक पसरलेलं होतं. पायाकडे खोचलेलंसुद्धा होतं. माझ्या वाट्याला कडेचा वीतभर भागही उरला नव्हता.

पंखा बंद होता. मी स्वतःला काय काय सांगितलं, ते आता आठवत नाही. टाके दुखत असतील म्हणून ती कडेला झोपली असेल, असं काहीतरी असावं.

ताई वळली नाही. झोपेतल्या जड आवाजात, बसमधल्या तिच्या त्या जुन्या सुरात म्हणाली, "पुढे सरका जरा. माझी बहीण आलीय, तिला बसू द्या."

पांघरुणाची माझ्याकडची कड हळूहळू आत ओढली गेली. चादरीला पडलेली लांब सुरकुती भिंतीच्या दिशेने सरकली, गादीचा खोलगटपणा तिच्यामागून सरकला, आणि ताईच्या पाठीशी जाऊन थांबला. ताईने मागे रेलून झोपेतच समाधानाचा श्वास सोडला. आणि कडेला, माझ्या मापाची, बरोब्बर माझ्या मापाची जागा झाली.

मी पळाले नाही. पळून कुठे जाणार होते? माझी ताई तिथे होती आणि ती जिवंत होती. मी चपला काढल्या आणि त्या जागेत जाऊन पडले, तिच्याकडे पाठ करून. चादर गरम होती, बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेल्या सीटसारखी. थोड्या वेळाने पांघरुणाचं टोक माझ्या खांद्यावर आलं. मागे ताईचा श्वास संथ चालला होता, आणि मी फक्त तोच ऐकायचं ठरवलं.